घटक ७ : तोंडपाठ ते अंगवळणी – अवघड नृत्यक्रियांचे अध्ययन आणि कथकचे बोल

७.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला –
• नृत्यातील अवघड क्रिया अवघड का असते, हे सांगता येईल.
• कथकच्या बोलांची रचना स्वनविज्ञानाच्या आधारे स्पष्ट करता येईल.
• तत्कार, तिहाई आणि चक्कर यांच्या अध्ययनातील टप्पे उदाहरणांसह मांडता येतील.
• भाषेतील संधी व सहोच्चारण आणि नृत्यातील क्रियांचे सांधे यांतील साम्य दाखवता येईल.
• शारीर ज्ञान भाषेत उतरवण्याच्या शक्यता आणि मर्यादा यांची चर्चा करता येईल.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, एखादी गोष्ट पक्की येऊ लागली की मराठीत आपण तिच्यासाठी दोन वेगवेगळे शब्द वापरतो. पाढे, स्तोत्र किंवा कविता ‘तोंडपाठ’ होते. सायकल चालवणे, पोहणे, भाकरी थापणे ‘अंगवळणी’ पडते. पहिल्या शब्दात तोंड आहे, दुसऱ्यात अंग आहे. जे बोलून दाखवता येते ते एका बाजूला आणि जे करून दाखवावे लागते ते दुसऱ्या बाजूला, अशी ज्ञानाची विभागणी या शब्दांत नकळत झालेली दिसते.

नृत्य हे दुसऱ्या बाजूचे ज्ञान आहे असे आपण सहसा गृहीत धरतो. म्हणूनच ‘नाच अंगातच असावा लागतो’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. या वाक्याचा परिणाम मात्र साधा नाही. संसार, नोकरी किंवा शेती सांभाळून प्रौढ वयात नृत्य शिकू पाहणाऱ्या व्यक्तीला पहिली अवघड रचना जमली नाही की, आपल्या अंगात ते नाहीच, असे ती ठरवून टाकते आणि शिकणे थांबवते. अवघडपणा क्रियेच्या रचनेत आहे की शिकणाऱ्याच्या अंगात, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

कथक या नृत्यशैलीने या प्रश्नाला शतकानुशतके व्यवहारातून उत्तर दिले आहे. कथकमध्ये रचना आधी तोंडाने म्हटली जाते आणि मग पायाने केली जाते. या म्हणण्याला ‘पढंत’ म्हणतात. रंगमंचावरही नर्तक किंवा नर्तकी हाताने ताल दाखवत आधी पढंत करते आणि नंतर तीच रचना नाचून दाखवते. अंगवळणी पडण्याचा मार्ग इथे तोंडपाठ होण्यातून जातो. तो कसा, हे या घटकात आपण भाषाविज्ञानाच्या दृष्टीने पाहणार आहोत. तुम्हाला नृत्य येत असण्याची आवश्यकता नाही; बोल मोठ्याने म्हणून पाहण्याची तयारी मात्र हवी.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ ‘अवघड’ म्हणजे काय?

नृत्यातील कोणतीही क्रिया एकाच अवयवाची नसते. पाय आघात करीत असतात, हात वेगळी रेषा काढत असतात, मान आणि दृष्टी तिसरीकडे जात असते आणि हे सारे तालाच्या ठरावीक बिंदूवर एकत्र यावे लागते. यांपैकी प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर बहुतेकांना जमते. अवघडपणा येतो तो त्यांच्या जुळणीत.

ही जाणीव भारतीय परंपरेत जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात १०८ करणांचे आणि ३२ अंगहारांचे वर्णन आहे. हात आणि पाय यांच्या हालचालींचा योग म्हणजे करण. दोन करणे मिळून एक ‘नृत्तमातृका’ होते आणि अशा मातृकांच्या जोडणीतून अंगहार सिद्ध होतो. भाषेच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. ‘मातृका’ हाच शब्द वर्णमालेतील अक्षरांसाठीही वापरला जातो. थोड्या मूळ घटकांपासून मोठ्या रचना बांधता येतात, हा विचार वर्णांच्या आणि नृत्याच्या अशा दोन्ही शास्त्रांत आढळतो. वर्णांपासून शब्द आणि शब्दांपासून वाक्य तयार व्हावे, तशीच ही चढती मांडणी आहे.

परंतु घटकांची यादी हाती असणे पुरेसे नसते. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात करणांची शिल्पे कोरलेली आहेत. १०८ पैकी ८१ शिल्पे पूर्ण असून उरलेल्या जागा कोऱ्या आहेत. पूर्ण असलेल्या शिल्पांतूनही करणाचा एकच क्षण दिसतो. त्या स्थितीत शरीर कोठून आले आणि पुढे कोठे गेले, हे दगड सांगत नाही. शब्दकोश पाठ असूनही एखाद्याला वाक्य बोलता येऊ नये, तशी ही स्थिती आहे. क्रियांचा क्रम, त्यांचा वेग आणि त्यांचे सांधे टिकवण्यासाठी काळात चालणारे माध्यम लागते. उच्चारित भाषा हे असे माध्यम आहे.

७.२.२ बोल : नृत्याची उच्चारव्यवस्था

‘बोल’ हे नाम ‘बोलणे’ या क्रियापदाशी जोडलेले आहे. मात्र ता, थेई, तत्, तिगदा, दिगदिग या बोलांना कोशगत अर्थ नाही. अर्थ नसूनही त्यांना व्यवस्था आहे. कोणता बोल कोणानंतर येतो, कोणता लांबवता येतो, कोणत्या बोलावर रचना संपते, याचे संकेत ठरलेले आहेत.

बोल आणि क्रिया यांचा संबंध एकास एक असा नाही. एकच ‘थेई’ एका ठिकाणी उजव्या पायाचा तर दुसऱ्या ठिकाणी डाव्या पायाचा असतो. बोलाचे मूल्य त्याच्या जागेवरून ठरते. भाषिक चिन्हाचे मूल्य व्यवस्थेतील इतर चिन्हांशी असलेल्या नात्यावरून ठरते, या सोस्यूरच्या मांडणीशी हे जुळणारे आहे.

आता बोलांच्या उच्चाराकडे वळू. पुढील प्रयोग प्रत्यक्ष करून पाहा. प्रथम ‘त त त त त त’ असे शक्य तितक्या वेगाने म्हणा. नंतर ‘त क त क त क’ असे म्हणा. दुसरा उच्चार अधिक वेगाने आणि कमी श्रमात होतो. ‘त’ दंत्य आहे; त्यासाठी जिभेचे टोक काम करते. ‘क’ कंठ्य आहे. त्यासाठी जिभेचा मागचा भाग काम करतो. एक भाग काम करीत असताना दुसऱ्याला पूर्वस्थितीत येण्यास अवधी मिळतो. उजवा पाय आघात करताना डावा पाय उचलला जावा, तशीच ही योजना आहे.

‘तिगदा दिगदिग थेई’ हा कथकमधील अगदी परिचित बोलसमूह या दृष्टीने तपासा. ति–ग, दि–ग, दि–ग अशी दंत्य आणि कंठ्य वर्णांची आलटापालट त्यात आहे. दोन दंत्य वर्ण ओळीने येतात ते केवळ ‘दा’ आणि ‘दि’ यांच्या ठिकाणी. पण ‘दा’ दीर्घ आहे, त्यामुळे जिभेला उसंत मिळते. शिवाय प्रत्येक भागाला एक मात्रा दिली तर मात्रेची सीमाही नेमकी तेथेच पडते. शेवटी ‘थेई’ हा स्वरप्रधान बोल येतो आणि समूह विसावतो. असा बोलसमूह म्हणायला सोपा, लक्षात ठेवायला सोपा आणि वेगात नेण्याजोगा होतो.

येथे एका संज्ञेबद्दल सावध राहावे. छंदशास्त्रात लघू अक्षराची एक आणि गुरू अक्षराची दोन मात्रा मोजतात. तालातील मात्रा हे कालाचे समान माप असते; तिच्यात एक अक्षर बसते, तीन बसतात किंवा एकही बसत नाही. जेथे बोल लांबतो किंवा जागा रिकामी राहते, तेथे लेखनात अवग्रहाचे चिन्ह (ऽ) देतात. जातिवृत्तांतील मात्रा आणि त्रितालातील मात्रा यांत गल्लत करू नये.

७.२.३ तत्कार : अवघडपणा सांध्यात असतो

तत्कार म्हणजे तालातील पदाघात. त्याचा मूळ क्रम आठ मात्रांचा असून प्रचलित पद्धतीनुसार तो असा आहे –

मात्रा १ : ता – उजवा
मात्रा २ : थेई – डावा
मात्रा ३ : थेई – उजवा
मात्रा ४ : तत् – डावा
मात्रा ५ : आ – डावा
मात्रा ६ : थेई – उजवा
मात्रा ७ : थेई – डावा
मात्रा ८ : तत् – उजवा

त्रितालाच्या सोळा मात्रांत हा क्रम दोनदा येतो. वरवर पाहता यात कठीण काहीच नाही. तरीही नवशिक्या व्यक्तीचा पाय ठरावीक ठिकाणी चुकतो. चौथ्या मात्रेवर डावा पाय आहे आणि पाचव्या मात्रेवर पुन्हा डावाच. आठव्या मात्रेवर उजवा आहे आणि पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर पुन्हा उजवाच. एरवी पाय चालण्याप्रमाणे आलटून पालटून पडतात. या दोन सांध्यांवर चालण्याची जन्मभराची सवय मोडावी लागते.

वेग वाढला की हा फरक किती मोठा होतो, हे साध्या गणिताने कळते. लय मिनिटाला ६० मात्रांची धरली तर चौगुनीत सेकंदाला चार आघात होतात. आलटून पालटून पडणाऱ्या पायाला दोन आघातांमध्ये अर्धा सेकंद मिळतो. सांध्यावर मात्र त्याच पायाला पाव सेकंदातच परत पडायचे असते. म्हणजे संपूर्ण तत्कार चौगुनीत असताना सांध्यावरच्या पायाला दुप्पट चपळाई लागते. ज्याचा पाय येथे अडखळतो त्याला ‘तत्कार येत नाही’ असे म्हणणे चुकीचे ठरेल. त्याला एक सांधा येत नाही, एवढेच म्हणता येईल.

बोलांनी हा सांधा तोंडातही खुणावून ठेवला आहे. या क्रमातील इतर सर्व बोल दंत्य व्यंजनाने सुरू होतात. पाचवा बोल तेवढा स्वराने सुरू होतो. त्याच्या आधीचा ‘तत्’ व्यंजनान्त आहे, म्हणजे तोंड बंद होते आणि लगेच ‘आ’साठी पूर्ण उघडते. कान सावध असेल तर पाय सावध होतो. म्हणून पढंत करताना ‘तत्’ आणि ‘आ’ स्पष्ट तोडून म्हणावेत. ते ‘तता’ असे जोडले गेले तर खूण पुसली जाते आणि पाय नेहमीच्या चालण्याकडे वळतो.

व्याकरणात आपण संधीचा अभ्यास करतो. दोन वर्ण शेजारी आले की त्यांत बदल होतो. स्वनविज्ञानातील सहोच्चारणाची संकल्पनाही अशीच आहे. ‘कू’ म्हणताना ‘क्’चा उच्चार सुरू असतानाच ओठ ‘ऊ’साठी गोल झालेले असतात. पुढच्या स्वनाची तयारी आधीच्या स्वनात सुरू होते. नृत्यातही डावा पाय ‘तत्’वर पडत असतानाच शरीराचा भार थोडा उजवीकडे राखावा लागतो, तरच तोच पाय ‘आ’साठी लगेच उचलता येतो. सुटे तुकडे कितीही घोटले तरी ही तयारी त्यांत येत नाही. म्हणून सराव करताना रचना प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू करण्याऐवजी अडणाऱ्या सांध्याच्या दोन मात्रा अलीकडून सुरू करून दोन मात्रा पलीकडे थांबावे. ‘थेई तत् आ थेई’ एवढाच भाग संथ लयीत स्थिर झाला की मग पूर्ण आवर्तन घ्यावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
(अ) तत्कारात एकच पाय लागोपाठ दोनदा पडतो असे सांधे कोणते?
(आ) ‘तिगदा दिगदिग थेई’ वेगाने म्हणता येते, याचे स्वनवैज्ञानिक कारण सांगा.

७.२.४ तिहाई : गणित तोंडात बसवणे

एखादा बोलसमूह तीनदा म्हणून त्याचे शेवटचे अक्षर समेवर आणणे म्हणजे तिहाई. त्रितालाच्या सोळा मात्रांत पहिल्या मात्रेला सम आणि नवव्या मात्रेला काल किंवा खाली म्हणतात. नर्तकी समेवर नेमकी थांबली की प्रेक्षकांतून दाद येते. पण ती नेमकी थांबते कशी?

‘तिगदा | दिगदिग | थेई’ हा समूह तीन मात्रांचा धरा. तो नवव्या मात्रेपासून सुरू करा. पहिली फेरी ९, १०, ११ या मात्रांवर, दुसरी १२, १३, १४ वर आणि तिसरी १५, १६ आणि पुढची सम यांवर येते. शेवटचा ‘थेई’ समेवर पडतो. फेऱ्यांमध्ये विराम नाही, म्हणून ही बेदम तिहाई.

दुसरे उदाहरण घेऊ. पाच मात्रांचा समूह समेपासून सुरू केला आणि प्रत्येक दोन फेऱ्यांमध्ये एक मात्रा विराम ठेवला, तर ५ + १ + ५ + १ + ५ = १७. सतरावी मात्रा म्हणजेच पुढची सम. विराम असल्यामुळे ही दमदार तिहाई. टाळी देत ‘एक दोन तीन चार पाच ऽ’ असे मोजून पाहिले तरी ही रचना कळते.

येथे पढंतीचे काम स्पष्ट दिसते. नाचताना कोणी सतरापर्यंत मोजत नाही. मोजू लागल्यास पाय अडतील. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये मांडले की, तात्कालिक स्मृतीत साधारण सात घटकच एका वेळी मावतात. मात्र लहान घटकांचे मोठे गठ्ठे बांधता येतात. बोलसमूह हा असा गठ्ठा आहे. ‘तिगदा दिगदिग थेई’ यातील नऊ अक्षरे मनात एका शब्दासारखी राहतात आणि तीन फेऱ्या म्हणजे तीन शब्दांचे वाक्य होते. दमदार तिहाईतील विरामही बोलाइतकाच पाठ करावा लागतो. नवशिक्यांची तिहाई समेआधी संपते ती बहुधा याच कारणाने: बोल पाठ झालेले असतात, ‘ऽ’ पाठ झालेला नसतो.

७.२.५ चक्कर : येणारी आणि घेतलेली

मराठीत एका क्रियापदाने अर्थ कसा पालटतो पाहा. ‘चक्कर येते’ तेव्हा शरीर आपल्या ताब्यात नसते. ‘चक्कर घेतली’ असे म्हणताना कर्तेपण आपल्याकडे असते. कथकमधील चक्करीचे सारे अध्ययन म्हणजे ‘येणे’ टाळून ‘घेणे’ साधणे होय.

गरगरल्यासारखे वाटण्याचे कारण अंतर्कर्णात आहे. तेथील तीन अर्धवर्तुळाकार नलिकांत द्रव असतो. डोके फिरू लागले की तो किंचित मागे राहतो आणि डोके थांबले तरी काही क्षण फिरत राहतो. शरीर स्थिर असूनही मेंदूला फिरण्याचीच वार्ता मिळते. यावर उपाय दृष्टीचा आहे. समोर डोळ्यांच्या उंचीवर एक बिंदू निवडावा. शरीर वळू लागले तरी नजर तेथेच ठेवावी. मान अगदी शेवटी वळवावी आणि झटकन परत त्याच बिंदूवर आणावी. त्यामुळे फेरीचा बराचसा वेळ डोके स्थिर राहते.

ही क्रियाही घटक पाडूनच शिकावी. डाव्या टाचेवर भार घेऊन प्रथम पाव वळण, मग अर्धे, मग पूर्ण वळण घ्यावे. आरंभी एका फेरीत पाच पदाघात, नंतर तीन आणि शेवटी एकाच आघातावर फेरी, असा वर्गातील क्रम असतो. प्रत्येक टप्प्यावर बोल म्हणत राहावे. फेरी पूर्ण होणे आणि बोल पूर्ण होणे एकाच क्षणी घडले, तर वेग योग्य आहे असे समजावे. बोल आधी संपला तर शरीर मागे आहे. शरीर आधी पोहोचले तर घाई झाली आहे. शिक्षक जवळ नसताना बोल हाच परीक्षक होतो.

७.२.६ अध्ययनाचे तीन टप्पे

फिट्स आणि पोस्नर यांनी १९६७ मध्ये कौशल्याच्या अध्ययनाचे तीन टप्पे सांगितले. कथकच्या संदर्भात ते असे मांडता येतील.

पहिला, बोधाचा टप्पा. या टप्प्यात ‘काय करायचे’ हे कळते. शिकणारी व्यक्ती स्वतःला सतत सूचना देत असते आणि चुका पुष्कळ होतात. या टप्प्यात पढंत आणि हाताने ताल देणे यांवर भर द्यावा; पाय नंतर जोडावेत.

दुसरा, जुळणीचा टप्पा. चुका कमी होतात, कोणती चूक कोठे होते ते स्वतःला कळू लागते. येथे लय ठाय, दुगुन, चौगुन अशी वाढवावी. संथ लयीत पाय गुडघ्यापर्यंत उचलण्याची सवय लागली तर चौगुनीत ती मोडावी लागते, कारण तेवढा पाय उचलण्यास वेळच नसतो. म्हणून संथ लयीतही पाय जमिनीजवळ ठेवावा. एकच रचना तासभर घोटण्यापेक्षा दोन-तीन रचना आलटून पालटून घेतल्यास त्या दिवशी प्रगती कमी वाटते. परंतु काही दिवसांनी आठवण आणि अचूकता अधिक टिकते, असे कौशल्य-अध्ययनाच्या प्रयोगांत दिसून आले आहे.

तिसरा, सहजतेचा टप्पा. क्रिया अंगवळणी पडते आणि मन भावाकडे, तबलजीकडे, प्रेक्षकांकडे वळू शकते. तोंडातले बोल आता मनात वाजत असतात.

प्रौढ विद्यार्थ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना येथे आवश्यक आहे. स्नायू थकणे आणि सांधा दुखणे या वेगळ्या गोष्टी आहेत. नडगी, टाच किंवा गुडघा यांत टोचणारी वेदना सुरू झाली तर सराव थांबवावा. उघड्या सिमेंटच्या जमिनीवर किंवा फरशीवर दीर्घ काळ पदाघात करू नयेत. त्या काळात पढंत सुरू ठेवता येते आणि तो सरावच असतो.

७.२.७ बोलांची व्याप्ती आणि मर्यादा

ही पद्धत एकट्या कथकची नाही. भरतनाट्यममध्ये पदाघातांच्या बोलांना ‘सोल्लुकट्टू’ म्हणतात. तमिळमध्ये त्याचा अर्थ शब्दांची बांधणी असा होतो. या नृत्याचा आजचा शिकवण्याचा क्रम ज्या चार बंधूंच्या नावाशी जोडला जातो, ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू तंजावरच्या मराठा दरबारात, सरफोजी राजे दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांच्या आश्रयाला होते. महाराष्ट्रात कथकच्या शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत रोहिणी भाटे (१९२४–२००८) यांचे स्थान मोठे आहे. त्यांनी १९४७ मध्ये पुण्यात ‘नृत्यभारती’ सुरू केली. आज मराठी मुलखातील कथकच्या वर्गात समजावून सांगण्याची भाषा मराठी असते; बोल मात्र लखनौ आणि जयपूर घराण्यांतून आलेले तेच राहतात.

परंतु बोल सर्व काही सांगत नाहीत. हात किती उंचीवर असावा, मनगट कधी वळावे, नजर कोठे जावी, समेवर थांबताना श्वास कसा सोडावा, हे बोलांत नाही. लिखित वाक्यात बोलणाऱ्याचा सूर आणि आघात उतरत नाहीत, तसेच हे आहे. त्यासाठी गुरूचा डोळा आणि दुरुस्त करणारा हात लागतो. चित्रफीत पाहून शिकणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, समोर तोंड करून नाचणाऱ्या व्यक्तीचा उजवा पाय आपल्या डाव्या बाजूला दिसतो. शक्य असेल तेथे पाठीमागून घेतलेले चित्रण पाहावे.

शिवाय प्रत्येक नृत्यपरंपरेने आपल्या क्रियांना अशी नावे दिलेली नाहीत. तमाशाच्या फडात लावणी शिकणारी मुलगी बहुधा पाहून, ढोलकी ऐकून आणि मोठ्यांच्या मागे उभी राहून शिकते. तिच्यापैकी अनेकींना शाळेची पायरी चढता आली नाही, म्हणून समाजाने त्यांना अडाणी म्हटले. पण ढोलकीच्या बदलत्या लयीवर नेमके थांबणे, हे या घटकात आपण पाहिलेल्या गणिताइतकेच काटेकोर ज्ञान आहे. त्याला पाठ्यपुस्तकातील संज्ञा मिळाल्या नाहीत, इतकाच भेद. संज्ञा नसलेले ज्ञान नाकारले जाते आणि त्याच्या वारसदारांनाही प्रतिष्ठा नाकारली जाते. भाषेच्या अभ्यासकाने हे विसरू नये.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
(अ) झपतालात (१० मात्रा) समेपासून पुढच्या समेपर्यंत तीन मात्रांच्या समूहाची दमदार तिहाई घ्यायची आहे. दोन फेऱ्यांमध्ये किती मात्रांचा विराम लागेल?
(आ) चक्कर घेताना दृष्टी एका बिंदूवर का ठेवतात?

७.३ सारांश

नृत्यातील क्रिया अवघड असते ती प्रामुख्याने तिच्या घटकांच्या जुळणीमुळे. कथकच्या परंपरेने ही जुळणी बोलांच्या रूपाने उच्चारात साठवली आहे. बोलांना कोशगत अर्थ नसला तरी व्यवस्था आहे. दंत्य आणि कंठ्य वर्णांच्या आलटापालटीमुळे ते वेगाने म्हणता येतात. तत्कारातील अडचण सांध्यांवर येते आणि ती संधी व सहोच्चारण यांच्या आधारे समजते. तिहाईत बोलसमूह स्मृतीचा गठ्ठा बनतो. चक्करीत बोल वेगाचा परीक्षक ठरतो. बोध, जुळणी आणि सहजता या टप्प्यांनी तोंडपाठ झालेली रचना अंगवळणी पडते. बोलांच्या पलीकडे उरणारे ज्ञान गुरूच्या सहवासातून आणि निरीक्षणातून मिळते. अडणारा सांधा शोधता आला तर ‘अंगात नाही’ हा निष्कर्ष काढण्याची घाई होत नाही.

७.४ पारिभाषिक शब्द

पढंत : तालासह बोलांचे मुखाने पठण.
तत्कार : तालबद्ध पदाघात.
सम : तालाची पहिली मात्रा.
तिहाई : तीनदा येऊन समेवर संपणारा बोलसमूह.
दमदार / बेदम : फेऱ्यांमध्ये विराम असलेली / नसलेली तिहाई.
सहोच्चारण : शेजारच्या स्वनांच्या उच्चारक्रिया एकमेकींत मिसळणे.

७.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) चौथ्या व पाचव्या मात्रेमधील (डावा–डावा) आणि आठव्या व पुढील पहिल्या मात्रेमधील (उजवा–उजवा). (आ) जिभेचे टोक आणि मागचा भाग आलटून पालटून काम करतात. दोन दंत्य वर्ण जेथे लागोपाठ येतात तेथे पहिले अक्षर दीर्घ आहे.
प्रश्न २ : (अ) एक मात्रा; ३ + १ + ३ + १ + ३ = ११, म्हणजे पुढची सम. (आ) डोके अधिक काळ स्थिर राहावे आणि अंतर्कर्णातील द्रवाच्या गतीमुळे गरगरू नये, म्हणून.

७.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘बोल ही अर्थरहित पण व्यवस्थाबद्ध चिन्हे आहेत’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. भाषेतील संधी आणि नृत्यातील सांधे यांची तुलना करा.
३. उपक्रम : तुमच्या परिसरातील लेझीम, ढोल, ढोलकी, दिंडीतील पावली किंवा भांगड्यासारखा इतर प्रांतातील नाच शिकवणाऱ्या एका व्यक्तीला भेटा. एखादी अवघड चाल शिकवताना ती व्यक्ती कोणते शब्द, आकडे किंवा ध्वनी वापरते, ते जसेच्या तसे लिहून घ्या. त्यांतील वर्णांची आलटापालट आणि सांध्यांच्या खुणा शोधून दोन पानी टिपण तयार करा.